सोफा कॅमेऱ्यात येतो

विश्वास ही लेखी असावी अशी गोष्ट आहे, असं माझं नोकरीतलं मत आहे. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात दक्षता शाखेत काम करतो. कोणी कोणावर कारण नसताना विश्वास ठेवला, की त्याचं प्रकरण आमच्या टेबलावर येतं. माझी बायको अलकनंदा हिशेब तपासणीच्या खात्यात आहे. तिथे कारण असतानाही विश्वास ठेवायची पद्धत नाही. अशा दोन माणसांनी लग्न केलं, मयूर विहारच्या एका सहकारी सोसायटीत फ्लॅट घेतला आणि यथावकाश त्यांना मुलगी झाली, यात त्या मुलीची काही चूक आहे असं म्हणता येणार नाही.

मुलीचं नाव चंद्रप्रभा. एवढं नाव दिल्लीत कोणाला पेलत नाही म्हणून चंदू. चंदू अडीच वर्षांची झाली आणि अलकनंदाची बालसंगोपन रजा संपली. तिची बढती तोंडावर आली होती आणि आता रजा वाढवलीस तर यादीतलं नाव खाली जाईल, असं तिच्या साहेबांनी गोड शब्दांत सांगितलं होतं. माझी आई दिल्लीच्या थंडीला घाबरत होती आणि अलकनंदाची आई माझ्या आईला, त्यामुळे दोन्ही आज्या पुण्यातच राहिल्या. ऑफिसातलं पाळणाघर फायलीत उत्तम चाललं होतं. तेव्हा सांभाळणारी बाई मिळाली आणि टिकली, तरच अलकनंदाची नोकरी टिकणार, हे स्पष्ट होतं. माझ्या नोकरीचं काय, हा प्रश्न कोणी काढला नाही. मीही काढला नाही.

गिरिजाबाई आम्हाला महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात मिळाल्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, माण तालुक्यातल्या. त्यांचे यजमान हिंमतराव फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. बरीच वर्षं दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये काढून आता ते नोएडातल्या एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर होते आणि मेट्रोने दोन-तीन स्टेशनांवर भाड्याने राहत होते. मुलं मार्गाला लागलेली, हाताला काम हवं होतं. दिल्लीत मराठी बोलणारी बाई मिळाली म्हणून अलकनंदा इतकी हरखली, की तिने घरी येईपर्यंत तीनदा 'थँक गॉड यार' म्हटलं. आमची चंदू 'बाबा, मेरेको उचला ना' या वळणावर येऊन पोचली होती.

पहिल्याच दिवशी आम्ही गिरिजाबाईंना सांगितलं, की तुम्ही आम्हाला घरच्यासारख्याच. घरच्यासारख्या असल्यामुळे आधी त्यांची पोलीस पडताळणी करून घेतली, मग फोटो काढला, मग आधार कार्डाची प्रत घेतली आणि मग चहा दिला. चहाचा कप वेगळा नव्हता, हे इथे मुद्दाम नमूद करतो. तो नुसता जुना होता.

घरच्या माणसाला मर्यादा कळतात, घरच्यासारख्या माणसाला त्या सांगाव्या लागतात. म्हणून मी एका रविवारी बसून एक परिपत्रक काढलं. मराठीत काढलं, अलकनंदाने तपासलं आणि तिच्या सवयीप्रमाणे समासात आक्षेप नोंदवले. बेडरूममध्ये जायचं नाही. फ्रिजच्या वरच्या कप्प्याला हात लावायचा नाही. मूल रडल्यास लगेच उचलायचं नाही, आधी रडण्याचं कारण निश्चित करायचं. मुलीसमोर फोन पाहायचा नाही. जेवताना टीव्ही लावायचा नाही. पूर्वसूचनेशिवाय कोणालाही दार उघडायचं नाही. गिरिजाबाईंनी ते घरी नेलं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या, यांनी वाचून दाखवलं, यांना आवडलं. फौजेतल्या स्टँडिंग ऑर्डरसारखं आहे म्हणाले. मला बरं वाटलं. आमच्या ऑफिसात माझ्या मसुद्याला एवढी दाद कोणी दिलेली नाही.

ऑर्डर पाळायची असते ही कल्पना मात्र आम्हाला नवीन होती.

सरकारी नोकरीत माणूस बदलून जातो तेव्हा चार्ज देणं-घेणं होतं, तसं आमच्याकडे चंदूचं व्हावं असं मी ठरवलं होतं. सकाळी आम्ही मुलगी सोपवायची, तिच्या अंगावर काही खरचटलेलं वगैरे असेल तर सांगायचं. संध्याकाळी गिरिजाबाईंनी तसंच सांगून परत करायची. हेतू असा, की दिवसा काही लागलं-सवरलं तर ते कोणाच्या ताब्यात असताना, हा वाद नको. सुरुवातीला हे छान चाललं. मग एका सकाळी मी टायची गाठ मारत असताना गिरिजाबाई चंदूला उजेडात उभं करून निरखून पाहायला लागल्या.

"साहेब, ह्या गालावर डास चावलाय. काल मी दिली तेव्हा न्हवता."

मी म्हटलं, असेल रात्रीचा. त्या म्हणाल्या, रात्रीचा म्हणजे तुमच्याकडचा. मी म्हटलं, हो, आमच्याकडचा. त्या म्हणाल्या, मग तसं सांगून द्या. मला हे आमच्याकडून राहून गेलं असं सोफ्यापाशी उभं राहून कबूल करावं लागलं आणि अलकनंदानेही दुजोरा दिला, तेव्हा कुठे चंदूचा चार्ज घेतला गेला. माझी मेट्रो चुकली. पुढच्या महिन्याभरात असे डास, एक टेंगूळ आणि कानामागे वाळलेली खीर आमच्या ताब्यातली निघाली. गिरिजाबाईंच्या ताब्यातलं काही निघालं नाही, आणि त्यामुळे माझा त्यांच्यावरचा संशय वाढला. ज्या विभागात काहीच गैर सापडत नाही तिथे काहीतरी मोठं चाललेलं असतं, हा आमच्याकडचा अनुभव आहे.

तेव्हा मी अचानक तपासणी करायचं ठरवलं. जेवणानंतर ऑफिसातून निघालो, घामाघूम होऊन दारात उभा राहिलो आणि बेल वाजवली. आतून गिरिजाबाईंनी परवलीचा शब्द विचारला. परवलीचा शब्द माझीच कल्पना होती. पण तो दर सोमवारी बदलायचा ही अलकनंदाची दुरुस्ती होती, आणि मला नवा शब्द सांगायला ती विसरत असे, कारण मी दिवसाउजेडी घरी कधी येतच नव्हतो. मी तिला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती. मी 'कमळ' म्हणून पाहिलं, 'पुणे' म्हणून पाहिलं, शेवटी आवाज चढवून सांगितलं, की मी गुणवंत आहे, हे माझं घर आहे.

"आवाज वळखला साहेब," त्या आतून अगदी नम्रपणे म्हणाल्या, "पण हुकूम तुमचाच हाय. आवाजाचं त्यात काय लिवलं न्हाई."

समोरच्या फ्लॅटमधल्या पद्मजाताई दार किलकिलं करून पाहत होत्या. मी दाराला तोंड लावून चंदूला हाक मारली, म्हटलं, मुलगी तरी साक्ष देईल. आतून चंदूचा खणखणीत आवाज आला, "बाबा तो ऑफिसमें होते हैं." माझ्या विरोधात गेलेली ती एकमेव साक्ष, आणि ती खोटी होती असं मला म्हणता येईना. अलकनंदाची मीटिंग संपेपर्यंत मी पद्मजाताईंकडे बसून त्यांच्या नातवाच्या अमेरिकेतल्या घराचे फोटो पाहिले. शब्द 'भोपळा' होता.

या प्रसंगानंतर आम्ही कॅमेरा बसवला. संशयापोटी नव्हे, पारदर्शकतेसाठी. हॉलमध्ये लावायचा, फोनवर ॲप घ्यायचं, त्यात चित्र दिसतं, आवाज येतो, आपल्याला बोलताही येतं, आणि कोणी पाहत असेल तेव्हा कॅमेऱ्यावर एक हिरवा दिवा लागतो. इथे माझ्यातला दक्षता अधिकारी जागा झाला. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याला त्याच्याविरुद्धचा पुरावा पाहायला मिळाला पाहिजे, नाहीतर पुढे चौकशी कोर्टात टिकत नाही. आमच्याकडची दोन प्रकरणं याच मुद्द्यावर पडली होती आणि त्यातलं एक माझं होतं. म्हणून मी गिरिजाबाईंच्या फोनवरही तेच ॲप घालायचं ठरवलं. अलकनंदा म्हणाली, अच्छा, म्हणजे तिच्यावर ठेवलेली नजर तिनेच बघायची? मी म्हटलं, नैसर्गिक न्याय. ती म्हणाली, कर काय करायचं ते.

ॲप घालायला आणि कॅमेरा बसवायला रविवारी स्वतः हिंमतराव आले. कॅमेरे हा त्यांचा रोजचा धंदा. त्यांनी स्टुलावर चढून कॅमेरा इकडे फिरवला, तिकडे फिरवला आणि मान हलवली. साहेब, म्हणाले, हा सोफा सुटतोय. मी म्हटलं, सुटू दे, तिथे संध्याकाळी आम्हीच बसतो. ते म्हणाले, रेंज आहे तर घेऊन टाकू, फुकट कशाला सोडायची. फुकट मिळणारं सोडू नये याबद्दल सरकारी माणसाचं दुमत नसतं. सोफा कॅमेऱ्यात आला. मी हिंमतरावांचे आभार मानले आणि त्यांना चहा दिला, चांगल्या कपात.

त्यानंतर माझं ऑफिसातलं लक्ष चंदूवर केंद्रित झालं. चित्र बघायला सुरुवातीला मी एकटा होतो, मग शेजारचे दोघं खुर्च्या ओढून आले. गिरिजाबाई चंदूला भात भरवत, तिच्या मागे फिरत नसत, समोर ताट ठेवून बसून राहत. दुपारी तिला मांडीवर घेऊन काहीतरी गुणगुणत. आम्ही तासन्‌तास पाहिलं, काहीही सापडलं नाही. आमच्या शाखेत अशी निराशा पूर्वी पसरली नव्हती. शेवटी काहीतरी केल्यासारखं वाटावं म्हणून मी बोलायचं बटण दाबून सूचना देऊ लागलो. चंदू, खाली उतर. गिरिजाबाई, खिडकी लावा. चंदू, बाबांना टाटा कर. ती कॅमेऱ्याकडे बघून टाटा करी आणि शेजारचे दोघं 'वा, क्या बात है' म्हणत.

एका संध्याकाळी मी सोफ्यावर फोन पाहत बसलो होतो. चंदूने खडूने एक चित्र काढलं, मोठं डोकं आणि दोन पाय असलेलं. ते घेऊन ती माझ्यासमोरून गेली, भिंतीपाशी टाचा उंचावून उभी राहिली आणि कागद कॅमेऱ्याला दाखवत म्हणाली, "बाबा, बघा." मी म्हटलं, चंदू, मी इथे आहे. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कॅमेऱ्याकडे वळली. मला वाईट वाटलं. बऱ्यापैकी वाईट वाटलं. पण तेवढ्यात फोन वाजला.

मग गिरिजाबाईंनी रजा मागितली. बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, गावाला आठवडाभर जायचं होतं. रजा द्यावीच लागली. त्या निघाल्या त्या दिवशी चंदूने दाराला धरून जे भोकाड पसरलं त्याचं कारण आम्हाला नियमाप्रमाणे निश्चित करता आलं नाही, म्हणून तिला बराच वेळ कोणी उचललं नाही.

तो आठवडा अलकनंदाने आणि मी आलटूनपालटून रजा टाकून काढला. त्याचं सविस्तर वर्णन करत नाही. परिपत्रकातलं मुलीबद्दलचं पहिलं कलम सोमवारी सकाळी मोडलं आणि शेवटचं मंगळवारी. चंदू टीव्ही लावल्याशिवाय जेवेना, म्हणून टीव्ही लावला. टीव्ही लावल्यावर ती जेवायचंच विसरायला लागली, म्हणून बिस्किटं दिली. बिस्किटं खाऊन ती सोफ्यावर उड्या मारत असताना मी 'शाब्बास' म्हणत फोनवर ऑफिसचे मेसेज पाहत होतो. तिचा बदकांचा गुलाबी फ्रॉक रविवारी घातलेला होता. ती तो काढू देत नव्हती, असं आम्ही एकमेकांना सांगत असू. खरं म्हणजे आम्ही विचारलंही नव्हतं.

या सगळ्यात वरचा हिरवा दिवा पेटलेला असे. तो एकदा माझ्या नजरेला पडला होता. मला वाटलं, अलकनंदा ऑफिसातून माझ्यावर लक्ष ठेवते आहे. अलकनंदाच्या रजेच्या दिवशी तिला वाटलं, मी ठेवतो आहे. संसारात एवढं धरूनच चालायचं असतं, म्हणून आम्ही दोघांनीही विषय काढला नाही. शिवाय कॅमेरा गिरिजाबाईंसाठी होता. त्या नसताना तो कशासाठी चालेल, असा आमचा समज होता.

शनिवारी अलकनंदा किचनच्या दारात बसली आणि अगदी शांतपणे बोलली.

"गुणवंत, ती परत आली नाही ना, तर नोकरी मी सोडणार. तू नाही. मला माहितीये आणि तुलाही माहितीये."

तिचं म्हणणं खरं होतं आणि मला त्याची लाज वाटली. त्या संध्याकाळी आम्ही ठरवलं, की गिरिजाबाई आल्या की परिपत्रक फाडायचं, बेडरूम उघडी करायची, कॅमेरा काढून टाकायचा. पूर्ण विश्वास. लेखी सुद्धा नाही.

सोमवारी सकाळी त्या आल्या, बरोबर सामान घेऊन हिंमतराव. चंदू बाईंच्या गळ्यात अशी पडली, की चार्ज देण्याघेण्याचा प्रश्नच उरला नाही. लाडू आणि कुरडया काढून झाल्यावर गिरिजाबाईंनी पिशवीतून तीन फ्रॉक काढले. मऊ सुती, घरी घालायचे, गावातल्या शिंप्याकडून शिवलेले. चंदूला घालून पाहिला तर बाह्या, गळा, उंची, सगळं अगदी मापात.

अलकनंदाला फार भरून आलं. कशाला एवढं केलंत, म्हणाली, आणि माप कसं कळलं तुम्हाला?

"दिसत हुतं की," गिरिजाबाई म्हणाल्या. "रविवारपासनं पोरीच्या अंगावर त्योच गुलाबी फ्राक. आमच्या आत्याबाई म्हनल्या, बिचारीला दुसरा नसंल. मंग शिंप्यालाच बोलावला दाखवायला."

दाखवायला म्हणजे कुठे, असं मी विचारलं. कार्याच्या घरी, हिंमतराव म्हणाले. टीव्ही मोठा होता. हिची आपली रोजची हुरहूर, पोरगी जेवली का, पोरगी झोपली का, म्हणून फोन टीव्हीला जोडून दिला. मी विचारलं, हे सगळ्यांनी पाहिलं का.

"न्हाई, न्हाई," गिरिजाबाईंनी मला धीर दिला. "नवऱ्याकडची मानसं हळदीलाच आली ना. त्यांना पयलं काय दावायला मिळालं न्हाई."

पुढची माहिती तुकड्यातुकड्यांनी कळली. मी चंदूला उपमा भरवत होतो त्या वेळी मांडवात स्वयंपाकाचं काम थांबलं होतं. आत्याबाईंचं मत असं पडलं, की मानसं वंगाळ न्हाईत, पर पोरीला बघाय कुणी ठिवत का न्हाईत. नवरीने पाठवणीच्या आधी चंदू झोपली का ते पाहून घेतलं. मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्यामुलाला त्याच्या सासूने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, की पुढे असं करायचं नाही.

मी स्टूल आणलं. म्हटलं, गिरिजाबाई, आमची चूक झाली. तुमच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. हा कॅमेरा मी आत्ता काढतो. आणि स्टुलावर चढलो.

गिरिजाबाईंनी चंदूला कडेवर घेतलं, वर माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, मस्करीही नव्हती. चार्ज घेताना बोलत तशाच बोलल्या.

"ऱ्हाऊ द्या साहेब. मला सहाला घरी जावं लागतंय. त्याच्या म्होरं पोरीजवळ तुम्ही दोघंच असता."

मी स्टुलावरून उतरलो. हिंमतरावांनी जाताना कॅमेरा बोटभर डावीकडे वळवला. किचनचं दार सुटत होतं.

आता अलकनंदाची बढती झाली आहे. परिपत्रक फाडलं, बेडरूम उघडी आहे, गिरिजाबाईंचा कप आमच्यासारखाच आहे. संध्याकाळी सहानंतर आम्ही दोघं सतरंजीवर बसून चंदूला गोष्टी सांगतो, आवाज काढून सांगतो. फोन पाहायचा असेल तर बाथरूममध्ये जातो. अलकनंदाच्या आणि माझ्या पोटाला काय झालं आहे, असं चंदू विचारते. हिरवा दिवा पेटला की माझा वाघ जास्त गुरगुरतो. परवा चंदूने चित्र काढलं आणि ते घेऊन सरळ माझ्याकडे आली. मोठं डोकं, दोन पाय, आणि डोक्यावर एक हिरवा ठिपका. हा कोण, मी विचारलं. ती म्हणाली, बाबा. मला इतका आनंद झाला, की तो ठिपका कशाचा हे मी विचारलं नाही.

पद्मजाताईंमुळे ही हकीकत सोसायटीभर झाली. लोक खूप हसले. हसून झाल्यावर एकेक जण लिफ्टमध्ये एकटा गाठून विचारायला लागला, गिरिजाबाईंच्या ओळखीत अशी आणखी कोणी आहे का. आहे, कॅन्टोन्मेंटमधली आहे. पण तिची अट अशी, की आधी चार दिवस तुमच्या घरचा कॅमेरा बघेन, मग येईन. हे ऐकल्यावर प्रत्येकाला आपापल्या मजल्यावर काम आठवलं.

तुम्हीही हसला असाल. नंबर माझ्याकडे आहे, खुशाल मागा. फक्त ती चार दिवस बघते म्हणजे पुढचे नव्हे, मागचे बघते. रेकॉर्डिंग असतं. कालची तुमची संध्याकाळ तेवढी आधी एकदा आठवून ठेवा.